धरणाची पातळी छापता तशी बाजाराचीही छापा : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळे यांच्या सर्व संपादकांस,

स. न. वि. वि.

शेअर बाजार जोरात पडतो त्या दिवशीची तुमची बातमी ठरलेल्या साच्यातली असते. मथळ्यात सेन्सेक्सचे अंक, त्याखाली 'गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले', आणि शेजारी लाल रंगाचा खाली जाणारा बाण. या पत्रात माझी मागणी एकच आहे. निर्देशांक आज किती अंकांनी पडला हे जरूर छापा, पण तो त्याच्या शिखरापासून आज किती टक्के खाली आहे आणि ते शिखर कधीचे आहे, हेही रोज न चुकता छापा. हे करेक्शन (मर्यादित घसरण) आहे की मंदीचा बाजार (खोल घसरण), याचा विचार वाचकाला करायचा झाला तर त्याची सुरुवात याच दोन आकड्यांपासून होते, आणि नेमके तेच त्याला कुठे सापडत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यात म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करतो. माझ्याकडचे बहुतेक गुंतवणूकदार शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले कर्मचारी, परिचारिका, किराणा दुकानदार असे आहेत. इंग्रजी अर्थविषयक दैनिके त्यांच्या घरी येत नाहीत. बाजाराबद्दल त्यांना जे कळते ते तुमच्याकडून कळते, आणि तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. मोठी पडझड झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. "बाजार कोसळलाय म्हणे, एसआयपी थांबवू का?" एसआयपी म्हणजे फंडात दरमहा भरायचा ठरावीक हप्ता. किती कोसळला असे विचारले तर अंक सांगतात. कुठून कोसळला, हे सांगता येत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण तेवढे सोडून बाकी सगळे त्यांना वाचायला मिळालेले असते.

आधी अंकांविषयी. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ती घसरण पावणेतेरा टक्क्यांची होती. ७ एप्रिल २०२५ रोजी, अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काच्या धसक्याने, तो २,२२६ अंकांनी पडला. ती घसरण तीन टक्क्यांनाही थोडी कमीच होती. म्हणजे अंकांच्या हिशोबात दुसरी घसरण पहिलीच्या चौपट, आणि प्रत्यक्षात पहिली दुसरीच्या चौपट. निर्देशांक वर जात राहणार, तसतसा एकेका अंकाचा अर्थ लहान होत जाणार. 'इतिहासातील सर्वात मोठी घसरण' हा मथळा अंकांवर बेतला तर तो दर दोन-तीन वर्षांनी नव्याने छापता येईल आणि दर वेळी वाचकाला फसवील.

४ जून २०२४ चा दिवस तुम्हाला आठवत असेल. लोकसभेच्या निकालाचा दिवस. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी, म्हणजे ५.७४ टक्क्यांनी पडला आणि मुंबई शेअर बाजारातील कंपन्यांचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ३१ लाख कोटी रुपयांनी घटले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच आकडा होता. पुढच्या तीनच सत्रांत, ७ जूनला, सेन्सेक्स ३ जूनच्या पातळीच्याही वर जाऊन बंद झाला. म्हणजे ज्याला आपण 'महाघसरण' म्हटले ती करेक्शनच्या व्याख्येतसुद्धा बसत नव्हती. 'बुडालेले' ३१ लाख कोटी परत आल्याची बातमी मात्र तेवढ्या मोठ्या टाइपात कुठे दिसली नाही.

आता व्याख्यांकडे येतो. जगभरातल्या बाजारांत सोयीसाठी एक पद्धत पडली आहे. अलीकडच्या शिखरापासून निर्देशांक १० टक्के किंवा अधिक खाली आला की करेक्शन म्हणायचे, २० टक्के किंवा अधिक खाली आला की मंदीचा बाजार. ही पद्धत आहे, कायदा नव्हे. सेबी या नियामक संस्थेने किंवा शेअर बाजारांनी केलेला असा काही नियम नाही. १०, १५ आणि २० टक्क्यांचे जे नियम आहेत ते सर्किट ब्रेकरचे, म्हणजे एका दिवसातल्या चढउतारावर व्यवहार काही वेळ थांबवण्याचे. त्यांचा या व्याख्यांशी काही संबंध नाही. तरीही काही बातम्यांत दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते.

२० टक्क्यांची रेघ उपयोगाची आहे, पण ती डोळे झाकून लावली तर फसगत होते. आपल्याच बाजाराचा इतिहास त्याचा पुरावा आहे, आणि मला इथे जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या बातम्यांत हा इतिहास जवळजवळ येतच नाही.

मे २००६. सेन्सेक्स १० मे रोजी १२,६१२ वर बंद झाला आणि १४ जूनला ८,९२९ वर. पाच आठवड्यांत २९ टक्के. व्याख्येप्रमाणे हा चक्क मंदीचा बाजार. पण त्या काळात देशातल्या कंपन्यांचा नफा वाढतच होता, बँका कर्जे देत होत्या, कारखाने विस्तार करत होते. अमेरिकेतले व्याजदर वाढण्याच्या भीतीने परकीय पैसा विकसनशील देशांतून घाईघाईने बाहेर पडला आणि त्याच घाईने परत आला. ऑक्टोबरमध्ये जुने शिखर मागे पडले होते. टक्के काहीही म्हणोत, माझ्या मते ते खोल आणि झटपट झालेले करेक्शन होते.

आता २००८ घ्या. ८ जानेवारीला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. २२ जानेवारीपर्यंत तो जवळजवळ २० टक्के खाली आला. मार्चमध्ये १५ हजारांच्याही खाली गेला. मग बाजार सावरला आणि मे महिन्याच्या सुरुवातीला सेन्सेक्स साडेसतरा हजारांवर पोहोचला. मार्चच्या तळापासून ही चांगली घसघशीत वाढ होती आणि 'करेक्शन संपले' असे म्हणणाऱ्यांची त्या दिवसांत कमतरता नव्हती. पण खाली जमीन सरकत होती. कच्चे तेल भडकले होते, महागाई वाढत होती, अमेरिकेतल्या गृहकर्जांचे संकट बँकांपर्यंत पोहोचले होते. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि ९ मार्च २००९ रोजी सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. शिखरापासून ६१ टक्के खाली. मे महिन्यातली ती तेजी मंदीच्या बाजाराच्या पोटातली तेजी होती. मोठ्या मंदीत अशा तेज्या येतातच, आणि सगळ्यात जास्त लोक त्यांतच होरपळतात, कारण सुटलो असे वाटून ते उरलेसुरले पैसेही आत टाकतात.

तिसरा नमुना याहून वेगळा. ५ नोव्हेंबर २०१० रोजी दिवाळीत सेन्सेक्स २१ हजारांच्या वर बंद झाला. त्यानंतर कुठलाही 'काळा सोमवार' न येता, रोज थोडा थोडा झिजत, २० डिसेंबर २०११ रोजी तो १५,१७५ वर आला. २७ टक्क्यांहून अधिक. महागाई आटोक्यात आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात तेरा वेळा रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो) वाढवला होता, घोटाळ्यांच्या बातम्या येत होत्या आणि नवी गुंतवणूक अडली होती. जुने शिखर पार व्हायला २०१३ चा ऑक्टोबर उजाडला. तीन वर्षे. पहिल्या पानावर यावा असा एकही मोठा मथळा न देता आलेली ही मंदी माझ्या जुन्या गुंतवणूकदारांच्या मनावर २००८ पेक्षा खोल उमटली आहे. २००८ ची धडकी भरली आणि ओसरली. २०११ ने माणसांना कंटाळा आणला, आणि कंटाळलेला गुंतवणूकदार घाबरलेल्यापेक्षा अधिक शांतपणे आणि कायमचा निघून जातो.

आणि चौथा नमुना, ज्याबद्दल मला तुमची सर्वात मोठी तक्रार आहे. २०१८ मध्ये निफ्टी, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा मुख्य निर्देशांक, ऑगस्टअखेरच्या शिखरापासून ऑक्टोबरअखेर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला. साधे करेक्शन. पुढे जून २०१९ च्या सुरुवातीला त्याने नवा उच्चांकही केला आणि तुम्ही 'बाजार विक्रमी उंचीवर' असे छापले. त्याच वेळी लहान कंपन्यांचा स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारी २०१८ मधल्या आपल्या शिखरापासून सुमारे ३० टक्के खाली होता, आणि ऑगस्ट २०१९ पर्यंत ही घसरण ४० टक्क्यांच्याही पुढे गेली. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर पुन्हा लागलेला कर, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने बुडवलेली देणी, त्यानंतर बिगरबँक वित्त कंपन्यांची आटलेली रोकड, अशी त्यामागे अनेक कारणे होती. स्मॉलकॅप निर्देशांकाला २०१८ चे शिखर पुन्हा पाहायला २०२१ पर्यंत थांबावे लागले. ज्याच्याकडे स्मॉलकॅप फंड होता त्याच्यासाठी साडेतीन वर्षे मंदी होती. त्याने पेपर उघडला की त्याला तेजीची बातमी दिसत होती. 'सगळ्यांचे वाढतेय, माझेच का घटते?' हा प्रश्न त्या वर्षी मी किती जणांच्या तोंडून ऐकला! उत्तर तुमच्या पानावर एका ओळीत देता आले असते.

ही गोष्ट पुन्हा घडली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी २६,२१६ वर बंद झाला होता. १३ नोव्हेंबरला तो १० टक्क्यांची रेघ ओलांडून करेक्शनमध्ये आला आणि ४ मार्च २०२५ रोजी २२,०८२ वर, म्हणजे पावणेसोळा टक्के खाली बंद झाला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी तोट्यात राहिला, जे १९९६ नंतर प्रथमच घडत होते. एकट्या ऑक्टोबरात परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे ९४ हजार कोटी रुपयांचे शेअर विकले आणि देशी संस्थांनी त्याहून अधिक विकत घेतले. निफ्टी २० टक्क्यांच्या रेघेला शिवला नाही. स्मॉलकॅप निर्देशांक मात्र फेब्रुवारीत ती रेघ ओलांडून पुढे गेला होता. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच देशात, एकाच्या कपाळी करेक्शन आणि दुसऱ्याच्या कपाळी मंदी.

त्याच जानेवारीत, २०२५ च्या, देशात सुमारे ५६ लाख नव्या एसआयपी नोंदल्या गेल्या आणि सुमारे ६१ लाख बंद झाल्या किंवा त्यांची मुदत संपली. बंद होणाऱ्यांची संख्या नव्यांपेक्षा जास्त. तेव्हा निफ्टी शिखरापासून किती खाली होता? महिनाअखेरीस साधारण १० टक्के. या सगळ्या एसआयपी तुमच्या मथळ्यांमुळे थांबल्या असा आरोप मी करणार नाही. कुणाची नोकरी गेली असेल, कुणी फंड बदलला असेल, काहींची मुदत खरोखरच भरली असेल. पण माझ्यासमोर बसून अर्जावर सही करणाऱ्यांनी जी कारणे सांगितली, त्यांत तुमच्याच बातम्यांतले शब्द होते. 'रक्तपात'. 'हाहाकार'. 'त्सुनामी'. १० टक्क्यांच्या घसरणीला त्सुनामी म्हटले तर ६० टक्क्यांच्या घसरणीसाठी आपल्या भाषेत काय शिल्लक राहते?

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. मार्च २०२० मध्ये देशात शेअर ठेवण्यासाठी लागणारी सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२५ मध्ये ती १९ कोटींच्या वर गेली. एकेका माणसाची दोन-तीन खाती असतात हे धरले तरी, आजच्या गुंतवणूकदारांतला फार मोठा भाग कोविडच्या तळानंतर बाजारात आला आहे. त्यांनी निफ्टीचा मंदीचा बाजार अनुभवलेलाच नाही. त्यांनी पाहिले ते २०२१-२२ मधले १७ टक्के आणि २०२४-२५ मधले पावणेसोळा टक्के. दोन्ही करेक्शन. गुंतवणूकदारांच्या संख्येत आपला महाराष्ट्र देशात पहिला आहे, तेव्हा या नव्या मंडळींतले लक्षावधी लोक तुमचेच वाचक आहेत. खरी मंदी येईल तेव्हा ती ओळखण्याची तयारी त्यांच्याकडे नाही, आणि करेक्शनला मंदी समजून पळून जाण्याची सवय मात्र लागते आहे.

कुणी म्हणेल, करेक्शन चालू असताना ते पुढे मंदीत जाणार की नाही हे सांगता येते का? येत नाही. प्रत्येक मंदी आपल्या वाटेवर १० टक्क्यांचा टप्पा ओलांडूनच पुढे जाते. २०२० मध्ये निफ्टीने ६ मार्चला १० टक्क्यांची रेघ ओलांडली आणि १२ मार्चला २० टक्क्यांची. मध्ये आठवडाही गेला नाही. २३ मार्चला तो ३८ टक्के खाली होता. २०२२ मध्ये तो १७ टक्क्यांवर थांबला आणि मागे फिरला. त्या त्या दिवशी दोन्ही ठिकाणी उभे राहून पुढचे कुणालाही दिसत नव्हते. म्हणूनच मी तुमच्याकडे भाकीत मागत नाही, मोजमाप मागतो आहे. आणि जी तज्ज्ञ मंडळी तुमच्या पडद्यावर बसून पहिल्याच दिवशी 'हे हेल्दी करेक्शन आहे, घाबरू नका, खरेदी करा' असे ठामपणे सांगतात, त्यांनाही हाच न्याय लावा. २००८ च्या जानेवारीतही हेच वाक्य बोलले गेले होते. खोटा दिलासा खोट्या भीतीइतकाच महाग पडतो. असे विधान कुणी केले तर त्याला लगेच विचारा, कशावरून? कंपन्यांचे नफे कसे येत आहेत? कर्जे वेळेवर फिटत आहेत का? घसरण मोजक्या मोठ्या शेअरांत आहे की सगळ्या बाजारभर?

कारण टक्क्यांच्या पलीकडे पाहायचे झाले तर खरा फरक तिथे आहे. शेअरचे भाव कमाईच्या मानाने फार पुढे गेले आणि थोडे मागे आले, तर कंपन्यांची कमाई त्यांना काही महिन्यांत गाठते. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीचे किंमत-उत्पन्न गुणोत्तर, म्हणजे शेअरचा भाव वार्षिक कमाईच्या किती पट तो आकडा, २८ च्या आसपास होते. एवढ्या महाग बाजाराला उतरायचे निमित्तच हवे असते. पण उतरत असताना कमाईही घटू लागली, उसनवारीवर उभे राहिलेले व्यवहार उलटू लागले आणि बँका हात आखडू लागल्या, की करेक्शनचे मंदीत रूपांतर होते. १९९२ आणि २०००-०१ मध्ये हेच झाले. दोन्ही वेळा बँकांचा पैसा आडवाटेने दलालांच्या हाती गेला होता आणि तो परत मागितला गेला तेव्हा सेन्सेक्स आपल्या शिखरापासून निम्म्याहून अधिक उतरला. जुलै २००१ मध्ये यूटीआय या म्युच्युअल फंड संस्थेने आपल्या यूएस-६४ योजनेतली खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा शेअर बाजाराशी आपला काही संबंध नाही असे समजणारी हजारो मराठी कुटुंबे त्या मंदीत ओढली गेली. निवृत्तीचे पैसे त्यांनी बँकेच्या ठेवीसारखे सुरक्षित समजून तिथे ठेवले होते. हे सगळे एका दिवसाच्या अंकांत कधीच दिसत नाही. रोखे बाजारात, तिमाही निकालांत, बँकांच्या थकीत कर्जांत ते दिसते. तुमच्याकडे ते वाचू शकणारे चांगले पत्रकार आहेत. बाजार पडतो त्या संध्याकाळी त्यांना मथळा लिहू द्या, एवढेच माझे म्हणणे.

फरक कळून वाचकाने करायचे काय, हेही लिहायला हवे, कारण इथे गणित निर्दय आहे. १० टक्के पडलेल्या पैशाला मूळ जागी यायला ११ टक्के वाढावे लागते. २० टक्के पडलेल्याला २५. ३८ टक्के पडलेल्याला ६० च्या वर. आणि २००८ सारख्या ६१ टक्क्यांच्या घसरणीतून परतायला दीडशे टक्क्यांहून अधिक. ज्याला दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागणार आहेत, त्याने करेक्शन झेलले तरी निभावते. मंदीत सापडला तर प्रवेशाच्या वेळी हात रिकामे राहतात. त्याने ते पैसे मुळात शेअरमध्ये ठेवायलाच नकोत, आणि हे त्याला बाजार वर असताना कळायला हवे. उलट, ज्या पस्तिशीतल्या शिक्षिकेला वीस वर्षांनी पैसे लागणार आहेत, तिच्यासाठी २००८ ते २०१० मधला प्रत्येक हप्ता शिखराच्या खालच्या भावाने पडला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांक मूळ जागी परतला होता. ज्यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये हप्ते थांबवले त्यांनी सगळ्यात स्वस्त खरेदी सोडून दिली. एकाच घसरणीने एकाचे नुकसान केले आणि दुसरीचे भले. 'गुंतवणूकदार होरपळले' या दोन शब्दांत हे दोघे कसे बसतील?

तितक्याच जबाबदारीने उलट बाजूही सांगा. 'बाजार शेवटी परततोच' हे वाक्य माझ्या व्यवसायातली मंडळी फार सहज उच्चारतात. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर बंद झाला होता आणि ते शिखर त्याने पुन्हा पार केले फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षे. आणि निर्देशांक परतला म्हणून आपल्याकडचा शेअर परततो असेही नाही. २००८ साली सेन्सेक्समध्ये असलेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि जयप्रकाश असोसिएट्स या कंपन्या पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. निर्देशांकाने त्यांना केव्हाच वगळले आणि नव्या कंपन्यांना घेऊन तो वर गेला. ज्याने 'मंदी संपली की येईल वर' म्हणून ते शेअर धरून ठेवले, त्याच्यासाठी मंदी संपलीच नाही. निर्देशांकाचे करेक्शन आणि एका कंपनीचा ऱ्हास या दोन वेगळ्या घटना आहेत आणि तुमच्या 'पडलेल्या भावात खरेदीची संधी' अशा सदरांत त्यांची गल्लत सर्रास होते.

'इतके लाख कोटी बुडाले' याविषयी थोडेसे. हा आकडा म्हणजे कंपन्यांच्या एकूण शेअरांना त्या दिवशीच्या भावाने गुणून आलेल्या बाजारमूल्यातली घट. त्यात प्रवर्तकांचे शेअर येतात, सरकारचे येतात. एलआयसीचे साडेशहाण्णव टक्के शेअर सरकारकडे आहेत. एलआयसीचा भाव पडला की जे 'गुंतवणूकदारांचे' बुडाले असे आपण लिहितो, त्यातला जवळजवळ सगळा वाटा सरकारचा असतो. पडलेल्या भावात ज्याने विकले नाही त्याचे काही बुडालेले नसते, आणि ज्याने विकले त्याचे किती बुडाले हे त्याच्या खरेदीच्या भावावर ठरते. हा आकडा छापायचाच असेल तर एकूण बाजारमूल्याच्या किती टक्के, तेवढे तरी सोबत द्या.

हे करणे अवघड आहे असे मला वाटत नाही, कारण अशी पद्धत तुमच्याकडे आधीपासून आहे. पावसाळ्यात तुम्ही रोज धरणांचा साठा छापता. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, आज साठा किती, तो किती टक्के, गेल्या वर्षी याच तारखेला किती होता. आमच्याकडचा शेतकरी ते कोष्टक पाहून विसर्ग कधी सुरू होईल याचा अंदाज बांधतो. कालच्या दिवसात पाणी किती फूट चढले एवढेच छापले असते तर त्याला काहीही कळले नसते. जायकवाडी, उजनी, कोयना, प्रत्येकीची पातळी वेगळी, म्हणून प्रत्येकीची ओळ वेगळी. एकीवरून दुसरीचा अंदाज कुणी करत नाही.

बाजारासाठीही एवढेच हवे आहे. निफ्टी किंवा सेन्सेक्स, मिडकॅप (मध्यम कंपन्या) आणि स्मॉलकॅप अशा तीन ओळी. प्रत्येकीत आजची पातळी, शेवटचे शिखर व त्याची तारीख, शिखरापासूनची घट टक्क्यांत. बाजार शिखरावर असेल त्या दिवशीही हे कोष्टक यावे, कारण खाली पाहण्याची खरी गरज तेव्हाच असते. सगळे आकडे शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. महिन्यातून एकदा त्याखाली चार ओळींत कंपन्यांचे तिमाही नफे आणि परकीय व देशी संस्थांची खरेदी-विक्री यांचा आढावा आला तर सोन्याहून पिवळे. वाहिन्यांनी खाली धावणाऱ्या पट्टीत '१,२०० अंकांची घसरण' दाखवताना त्यापुढे 'शिखरापासून ६ टक्के' एवढे जोडावे.

कोष्टकाची ओळ कशी लिहावी याचा नमुना म्हणून ४ मार्च २०२५ ची देतो : निफ्टी २२,०८२, शिखर २६,२१६, २६ सप्टेंबर २०२४, घट १५.८ टक्के. ते शिखर निफ्टीने दिवसाच्या व्यवहारांत पुन्हा ओलांडले नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस, चौदा महिन्यांनी, आणि बंद भावाने जानेवारी २०२६ मध्ये. तोवर ही ओळ रोज छापली गेली असती, तर किती लोकांनी आपली एसआयपी चालू ठेवली असती आणि स्मॉलकॅपमध्ये अति पैसे घातलेल्या किती जणांनी वेळीच हिशोब तपासला असता, हे मी सांगू शकत नाही. पण माझ्याकडे फोन करणाऱ्यांशी माझे बोलणे 'किती अंक' इथून सुरू झाले नसते.

आपल्यापैकी कुणाला हे कोष्टक सुरू करायचे असेल तर पहिल्या महिन्याचे आकडे रोज संध्याकाळी काढून पाठवायला मी तयार आहे, विनामोबदला आणि नावाशिवाय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक म्युच्युअल फंड वितरक आणि रोजचा वाचक
जिल्हा सातारा